विरघळणारे टाके आणि अंगावरचं दूध

भाचीचं सिझर होऊन आठवडाही झाला नव्हता, तोवर तिच्या सासूबाईंच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरून तो मेसेज घरात शिरला. दावे चार. विरघळणारे टाके प्लॅस्टिकचे असतात आणि जन्मभर पोटात राहतात. त्यातलं ॲसिड दुधात उतरतं, म्हणून दोन महिने अंगावर पाजू नका. जुना नैसर्गिक धागा मागून घ्या. टाक्याचं टोक दिसलं तर ओढून काढा. पोरीने घाबरून बाळाला डब्याचं दूध सुरू केलं, तेव्हा माझं डोकं सटकलं. ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून नोकरी केली आहे, हे धागे रोज हाताळलेत.

दुधाचं आधी. नेहमी वापरला जाणारा विरघळणारा जांभळा धागा, व्हिक्रिल, घ्या. तो ग्लायकोलिक आणि लॅक्टिक ॲसिड जोडून केलेला असतो. अंगातल्या पाण्याने ही साखळी हळूहळू तुटते. तीन आठवड्यांनी धाग्याची ताकद निम्मी उरते आणि साधारण 56 ते 70 दिवसांत तो संपतो. (मेसेजवाल्याने ‘दोन महिने’ कुठून उचलले ते कळलं ना?) आता ते भयंकर ॲसिड. अख्खा धागा वजनाला ग्रॅमभरही भरत नाही आणि तो विरघळायला दोन महिने घेतो. उलट आपलं शरीर स्वतःच दिवसाला शंभर ग्रॅमच्या वर लॅक्टेट (म्हणजे लॅक्टिक ॲसिडचंच रूप) तयार करतं आणि वापरून टाकतं. दह्याला आंबटपणा येतो तोही लॅक्टिक ॲसिडनेच. एवढ्यासाठी बाळाचं दूध तोडायचं? पाजणं थांबलं की दूध आटतं, छातीत गाठी होतात, त्याची जबाबदारी कोण घेणार?

प्लॅस्टिक म्हणाल तर हो, पॉलिमर आहे, म्हणजे प्लॅस्टिकच्याच जातीची लांब साखळी, पण विरघळणारी. जन्मभर राहणारे धागेही असतात, प्रोलीनसारखे, पण ते मुद्दाम तसेच बनवलेले. दोन्हींची सरमिसळ करून मेसेज तयार झालाय.

‘नैसर्गिक धागा’ म्हणजे कॅटगट. मेंढीच्या नाहीतर गाईबैलांच्या आतड्यापासून केलेला. भजनी मंडळाला हे कोणी सांगितलेलं दिसत नाही. पाकीट फाडलं की स्पिरिटचा भपका यायचा आणि धागा ओलसर, गुंडाळी न सोडणारा. मॅड काऊ या गाईंच्या मेंदूच्या रोगाच्या धास्तीने युरोपने तो बंदच केला. बाळंतपणात खालून घातलेल्या टाक्यांबद्दल कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा 2010चा आढावा आहे, 18 चाचण्या आणि दहा हजारांवर बायका. कॅटगटपेक्षा व्हिक्रिलसारख्या सिंथेटिक धाग्यात पहिल्या दिवसांतलं दुखणं कमी, वेदनेच्या गोळ्याही कमी लागल्या. मात्र साध्या सिंथेटिक धाग्याचे टाके नंतर काढायला लागण्याची वेळ जास्त जणींवर आली, हेही त्यात आहे. तेवढं मेसेजच्या पदरात टाकते.

आणि टोक ओढायचं? पुष्कळदा आतून एकच धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलेला असतो. दहाव्या दिवशी जखम अजून त्याच्याच जोरावर मिटलेली असते. गाठीचं टोक कधीकधी कातडीतून डोकावतं, हे खरं. ते ड्रेसिंगला गेल्यावर कात्रीने कातडीलगत कापतात. घरी हात लावायचा नाही. ताप आला, टाक्याभोवती लाली पसरली किंवा पू आला, तर ग्रुपवर फोटो न टाकता त्याच दिवशी दाखवून या.