कंपनीला नफ्यापलीकडे काही देणंघेणं नाही?

‘कंपनी ही भागधारकांची. नफा कमावणं, कर भरणं, नोकऱ्या देणं एवढंच तिचं काम. समाजाचं सरकारनं बघावं.’ हा मेसेज सध्या ग्रुपवरून ग्रुपवर फिरतोय. एमआयडीसीला खेटून राहणाऱ्या आपण नवी मुंबईकरांनी तरी तो पुढे ढकलू नये.

कंपनी बुडाली, तर भागधारकाचे शेअरमध्ये घातलेले पैसे जातात. त्याच्या घरादाराला हात लागत नाही. थकलेली देणी आणि नासलेली जमीन मात्र इतरांच्या गळ्यात पडते. हे संरक्षण कायद्यानं दिलंय, तेव्हा कायदा बदल्यात काही मागणारच. कंपनी कायदा २०१३, कलम १६६ वाचा: संचालकांनी भागधारकांबरोबर कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांचंही हित पाहायचं आहे.

मेसेजमध्ये अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचा दाखला आहे. नफा वाढवणं हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी, असं त्यांनी १९७० साली लिहिलं हे खरं. पण कायदा आणि समाजाचे नीतिनियम पाळून, ही अट त्याच लेखात आहे. ती गाळून दाखला कसला देता?

आता ‘कर भरला, नोकऱ्या दिल्या’. रबाळे, महापे, पावणे इथे एकाच मशीनवर दोघं उभे असतात, एक कायम, दुसरा ठेकेदाराचा. काम तेच, पण पगारात केवढा फरक! दुसऱ्याचा पीएफ भरलाय की नाही, हे त्यालाच धड माहीत नसतं. रात्री कोपरखैरण्यात खिडकी उघडली की केमिकलचा वास घरात शिरतो. खाडीतली निवटी, चिंबोरी कमी झाली, दिवाळे गावच्या कोळ्यांचं उत्पन्न घटलं. हे नुकसान कुठल्याच कंपनीच्या ताळेबंदात येत नाही, म्हणून नफा फुगलेला दिसतो.

‘सीएसआरचे २ टक्के देतातच की!’ सीएसआर म्हणजे नफ्यातला ठरावीक वाटा सामाजिक कामांवर खर्च करणं. मुळात ते बंधन ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा असेल तरच लागू होतं. लहान कारखाने बहुतेक त्याबाहेर. शिवाय स्वतःच्या धंद्याचा नेहमीचा खर्च त्यात धरता येत नाही. सांडपाणी शुद्ध करून सोडणं हा दानधर्म नव्हेच, उत्पादनाचाच खर्च आहे.

राहिला ‘अशानं धंदा बुडेल’ हा धाक. टाटा स्टीलनं जमशेदपुरात आठ तासांची पाळी १९१२ साली सुरू केली, कायद्यानं भाग पाडण्याच्या कितीतरी आधी. तो कारखाना आजही चालू आहे.