वाजिद अली शाह: तख्त गेल्यानंतरची 31 वर्षे

ठुमरी किंवा कथक यांविषयी बोलणे निघाले की अवधचा अखेरचा नवाब वाजिद अली शाह याचे नाव येतेच, आणि त्यापाठोपाठ 'नाचगाण्यापायी राज्य घालवले' हा शेराही येतो. हा शेरा मला मान्य नाही, कारण तो मुळात ज्यांनी राज्य घेतले त्यांचाच आहे.

साताऱ्याचे राज्य 1848 मध्ये आणि नागपूरचे 1854 मध्ये खालसा करताना डलहौसीला औरस वारस नसल्याची सबब पुरली होती. अवधच्या, म्हणजे लखनौच्या, गादीला वारसांची वाण नव्हती. म्हणून तेथे गैरकारभाराचा आरोप पुढे करावा लागला आणि राजाचे गाणे, नाच, त्याचा परीखाना (मुलींना गाणे-नाच शिकवण्याचे राजवाड्यातले दालन) हीच त्याच्या नालायकीची साक्ष ठरवण्यात आली. अवधचा जवळपास निम्मा मुलूख कंपनीने 1801 च्या तहातच गिळला होता, हे मात्र सोयीस्करपणे बाजूला राहिले. वाजिद अली शाह उत्तम राज्यकर्ता होता असे मी म्हणणार नाही. महसुलाची घडी विस्कटलेली होती आणि तालुकदार, म्हणजे बडे जमीनदार, त्याला जुमानत नव्हते. तथापि फेब्रुवारी 1856 मध्ये कंपनीचा लखनौतील रेसिडेंट आऊट्रम याने पुढे केलेल्या, राज्य कंपनीच्या हवाली करण्याच्या तहावर त्याने सही केली नाही, ही गोष्ट त्याला भित्रा आणि ऐदी ठरवणारे क्वचितच सांगतात.

त्याला केवळ आश्रयदाता म्हणणेही अपुरे आहे. 'अख्तरपिया' या नावाने तो ठुमऱ्या रचत असे, ठाकूरप्रसादांसारख्या कथकांना त्याने दरबारी मान दिला, आणि युवराज असतानाच, 1843 च्या सुमारास, त्याने 'राधा कन्हैया का किस्सा' हे नाट्य लिहून राजवाड्यात सादर केले. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भावे यांनी पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' रंगवले, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. एका शिया मुस्लिम राजपुत्राला पहिल्या नाटकासाठी कृष्णकथा सुचावी, यात त्या काळच्या लखनौचे सगळे शहाणपण आहे.

त्याची खरी कसोटी मात्र तख्त गेल्यावर लागली. 1857 च्या उठावात त्याला कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम किल्ल्यात कैदेत ठेवले गेले. सुटल्यावर वर्षाच्या 12 लाखांच्या तनख्यावर त्याने कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला दुसरे लखनौ वसवले: इमामवाडे, पशुसंग्रह, कबुतरे, पतंग आणि अर्थातच गवई. (बिर्याणीतल्या बटाट्याचे श्रेयही लोक त्यालाच देतात, तो वाद खवय्यांनी मिटवावा.) राज्य केले अवघी नऊ वर्षे, पण त्याच्या पदरचे कलावंत ऐकायला आणि त्यांच्याकडून शिकायला बंगालमधील रसिक पुढे कित्येक वर्षे मटियाबुर्जला येत राहिले, आणि ठुमरी तेथे रुजली. संगीत आणि नृत्याविषयीचा 'बनी' हा ग्रंथही त्याने याच काळात लिहिला. राजाकडे देण्यासारखी जहागीर उरली नसतानाही जे कलावंत त्याच्याभोवती राहिले, त्यांना केवळ खुशमस्करे म्हणून निकालात काढणे मला जमत नाही.

या सगळ्याला एक काळी बाजू आहे आणि ती झाकू नये. परीखान्यातल्या मुली गाणे आणि नाच शिकल्या खऱ्या, पण कित्येकजणी गरिबीतून तेथे आणल्या गेल्या होत्या, आणि राजाची मर्जी हाच त्यांचा आधार होता. बेगम हजरत महल याच परीखान्यातून आली, राजाने तिला लखनौतच मागे सोडले, आणि 1857 मध्ये मुलाला, बिर्जिस कद्रला, गादीवर बसवून इंग्रजांशी लढली ती तीच. राजाच्या कलाप्रेमाचे गोडवे गाणाऱ्या लेखांत या स्त्रियांचा उल्लेख शोभेपुरता येतो, हे मला खटकते.

सप्टेंबर 1887 मध्ये तो वारला, तेव्हा सरकारने मटियाबुर्जचा पसारा मोडीत काढण्यास विलंब लावला नाही. मालमत्ता विकली गेली, प्राण्यांचा लिलाव झाला, आणि पदरचे गायक-वादक नवा आश्रय शोधत पांगले.