मिरवायची काय गरज?

लंडनमधल्या लाइमहाउसच्या नॅरो स्ट्रीटवर ‘द ग्रेप्स’ नावाचा जुना, अरुंद पब आहे. तिथे बारच्या मागे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या गँडाल्फ या म्हाताऱ्या जादूगाराची काठी ठेवलीय, कारण ती भूमिका करणारे नट इअन मॅकेलन त्या पबच्या मालकांपैकी एक. मागच्या महिन्यात काठीचा फोटो काढून मी आमच्या सांगलीच्या शाळेच्या ग्रुपवर टाकला. ‘म्हातारा भेटला का रे?’ वगैरे झालं. मग एका वर्गमित्राचा मेसेज आला, ‘नट म्हणून बापमाणूस. पण गे असणं मिरवायची काय गरज? आपल्याकडे कला बघतात, बेडरूम नाही.’ त्यावर धडाधड अंगठे पडले.

दोन दिवस मी चरफडत होतो. डिस्ट्रिक्ट लाइनच्या गाडीत उभ्याउभ्या उत्तर लिहायचं आणि अपमिन्स्टर यायच्या आत खोडायचं.

मिरवलं म्हणजे केलं काय या माणसाने? 1988 च्या जानेवारीत बीबीसी रेडिओ 3 वर वाद चालू होता. समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करायला स्थानिक काउन्सिलांना बंदी घालणारं कलम 28 थॅचरबाईंचं सरकार आणत होतं. बोलण्याच्या ओघात मॅकेलन सांगून गेले, मीही त्यांच्यातलाच आहे. वय 48, शेक्सपिअरच्या रंगभूमीवर नाव झालेलं. गमावण्यासारखं भरपूर होतं. कलम त्याच वर्षी आलं, आणि इंग्लंडमधून जायला 2003 उजाडलं. दरम्यान 1989 मध्ये त्यांनी इतरांबरोबर समलैंगिकांच्या हक्कांसाठी ‘स्टोनवॉल’ ही संस्था उभी केली, 1991 मध्ये ते ‘सर’ झाले. लपवाछपवी संपल्यावर आपला अभिनय सुधारला, असं त्यांनीच पुन्हापुन्हा सांगितलंय. म्हणजे कला बघायची म्हटली तरी तीही त्या ‘मिरवण्या’तूनच उजळली की!

2022 च्या ख्रिसमसला लेकीला घेऊन ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये त्यांचा पँटो, म्हणजे इथलं ख्रिसमसचं धमाल नाटक, बघितला, ‘मदर गूज’. 83 वर्षांचे मॅकेलन घेरदार झग्यात, डोक्यावर विग, हातभर मेकअप. मांडीवर तीन कोटांचा ढीग घेऊन मी घामाघूम, आणि लेक खुर्चीवर उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडतेय, ‘मागे बघ, मागे!’ शेजारच्या आजी माझ्या पुढ्यात मॉल्टीझर्सची चॉकलेटं धरत होत्या. झग्यातल्या त्या म्हाताऱ्यावर अख्खं थिएटर जीव टाकत होतं, आणि तो गे आहे हे त्या आजींना चांगलं ठाऊक होतं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. वर पुस्ती जोडली, ‘अरे, आपण नाट्यपंढरीची माणसं. नागठाण्याच्या बालगंधर्वांचा शालू आणि अंबाडा बघून आपल्या पणज्या नटायला शिकल्या.’ बालगंधर्वांच्या खासगी आयुष्याचा इथे संबंध नाही, मला फक्त प्रेक्षकांबद्दल बोलायचं होतं. उत्तर दोन शब्दांचं आलं, ‘ते वेगळं.’

मग मी कायदे काढले. समलैंगिक संबंधांवरचा कायदा इंग्लंडने 1967 मध्ये सैल केला, आपण 2018 मध्ये. चटकन मेसेज आला, ‘377 आणलं कोणी? तुमच्याच इंग्रजांनी ना?’

खरंच होतं. 1860 च्या दंडसंहितेतलं ते कलम साहेबानेच लिहून ठेवलं. 2016 मध्ये मॅकेलन मुंबईत आले, तेव्हा तेही या वसाहतकाळातल्या कायद्यावर बोलून गेले होते. 1967 ची फुशारकी मारताना, त्यानंतर 21 वर्षांनी याच देशाने कलम 28 आणलं हे मी सोयीस्करपणे गाळलं होतं. पण मला झोंबलं ते वेगळंच, ‘तुमच्याच’. पासपोर्ट बदलून सहा वर्षं झाली. तरी ‘आपल्याकडे’ म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर कृष्णेचा घाटच येतो. त्याच्या ‘आपल्याकडे’त मी नाही, हे त्या दिवशी कळलं.

आणि जे ग्रुपवर लिहिलं नाही, ते हे. गेल्या गणपतीत आमच्या मंडळात एक मुलगा आला होता, मूळचा नाशिकचा, इथे एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, काम करतो. सोबत त्याचा जोडीदार. चार वर्षं एकत्र राहतात, हे मला माहीत होतं. प्रसादाच्या रांगेत एका काकूंनी विचारलं, ‘हे कोण रे?’ तो तोंड उघडणार एवढ्यात मीच घाईघाईने म्हणालो, ‘रूममेट, काकू.’

काकूंनी दोघांच्याही द्रोणात शिरा वाढला. त्याचा जोडीदार, बर्मिंगहॅमचा, मराठीतलं एक अक्षर न कळणारा, पण ‘रूममेट’ तर त्याच्याच भाषेतला शब्द. तो माझ्याकडे बघून हसला, अगदी सभ्यपणे, आणि द्रोण घेऊन खुर्च्यांकडे गेला.