रडार ढग उकळत नाही, पाऊसही पळवत नाही

"डॉपलर रडार 7,50,000 वॅटचे मायक्रोवेव्ह किरण सोडतं. ओव्हनसारखी त्यांनी ढगातल्या पाण्याची वाफ होते आणि आपला पाऊस हुकतो. रडारजवळ राहणाऱ्यांना कर्करोग होतो. 500 किलोमीटरपर्यंत सगळं दिसत असूनही हवामान खातं दडवून ठेवतं. रडार हटवा!" हा मजकूर फिरत फिरत आमच्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने काळजीने विचारलं, "खरं का रे हे?" नाही, मावशी. यातला फक्त वॅटचा आकडा खरा आहे, आणि फसवणूक नेमकी त्याच आकड्यात आहे.

मोठ्या एस बँड (सुमारे 10 सेंटीमीटर लांबीच्या लहरींच्या) हवामान रडारची शिखर शक्ती, म्हणजे क्षणभरची सर्वांत जास्त शक्ती, साधारण 7,50,000 वॅट असतेच. पण ती किती वेळ? लहरी सोडणाऱ्या प्रक्षेपकातला क्लिस्ट्रॉन, म्हणजे लहरींची शक्ती वाढवणारी नळी, एका वेळी सुमारे 1 मायक्रोसेकंदाचा (सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचा) स्पंद, म्हणजे लहरींचा छोटा झटका, सोडतो. असे सेकंदाला 1000 स्पंद धरले, तरी प्रत्येक सेकंदात रडार फक्त 1 मिलिसेकंद बोलतं. उरलेले 999 मिलिसेकंद ते पावसावरून परत येणारा प्रतिध्वनी ऐकत असतं. दोन्ही कामांना अँटेना एकच, म्हणून मध्ये डुप्लेक्सर नावाचा वाट बदलणारा भाग बसवलेला असतो. स्पंद जाताना तो ग्राहकाची (प्रतिध्वनी टिपणाऱ्या रिसीव्हरची) वाट बंद ठेवतो, नाहीतर नाजूक ग्राहक पहिल्याच स्पंदात जळेल. म्हणजे सरासरी शक्ती निघाली 750 वॅट. स्वयंपाकघरातला मिक्सर साधारण एवढाच असतो.

आता ही शक्ती ढगापर्यंत न्या. झोत 1 अंश रुंद असतो. 50 किलोमीटरवर तो सुमारे 870 मीटर पसरतो, म्हणजे जवळपास 6 लाख चौरस मीटर. एका चौरस मीटरला आले सव्वा मिलिवॅट. भर दुपारचं ऊन त्याच जागेवर सुमारे 1000 वॅट ओततं, आणि ढग त्यालाही पुरून उरतो. शिवाय अँटेना फिरती असते, त्यामुळे झोत एका जागी टिकतही नाही.

तरीही वाफ करायचीच म्हणता? 1 घन किलोमीटर ढगात घनमीटरला अर्धा ग्रॅम पाणी धरलं तर ते 500 टन होतं. त्याची वाफ करायला 750 वॅट अखंड लागले आणि एक कणही वाया गेला नाही, तरी 50 वर्षांहून जास्त लागतील. एका छोट्या ढगाला!

ओव्हनशी तुलना अर्धी खरी आहे, तेही मान्य करतो. ओव्हन 2.45 गिगाहर्ट्झवर चालतो, एस बँड हवामान रडार 2.8 च्या आसपास. पण ओव्हन ऊर्जा धातूच्या पेटीत कोंडतो, रडार ती आकाशात उधळतं. 10 सेंटीमीटर तरंगलांबी मुळात निवडतात ती जोरदार पावसातूनही लहर फारशी न शोषली जाता पार जावी म्हणून. ढगच ऊर्जा पिऊन टाकू लागला, तर पलीकडच्या पावसाचा प्रतिध्वनी परत येणार कसा?

कर्करोगाचं थोडक्यात. अनायनकारी (मायक्रोवेव्हसारख्या, अणूतले इलेक्ट्रॉन न उडवणाऱ्या) किरणोत्सर्गापासून संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची, आयसीएनआयआरपीची, 2020 ची मर्यादा या लहरींसाठी सामान्य जनतेला सरासरी 10 वॅट प्रति चौरस मीटर आहे. फिरती अँटेना थांबवून झोत 1 किलोमीटरवरच्या माणसावर रोखून धरला, तरी सुमारे 3 वॅट भरतात. अँटेनाच्या अगदी तोंडाशी उभं राहणं धोक्याचं आहे, हे खरं. म्हणूनच ती उंच मनोऱ्यावर घुमटात असते आणि आत जायचं दार उघडलं की इंटरलॉक, म्हणजे दाराला जोडलेली सुरक्षा-कळ, प्रक्षेपण बंद करतो.

राहिला दडवण्याचा आरोप. झोत सरळ जातो, पृथ्वी मात्र वळते. क्षितिजाच्या अर्धा अंश वर सोडलेला झोत 100 किलोमीटरवर जवळपास दीड, 250 वर सहा आणि 500 वर 19 किलोमीटर उंचीवर असतो, म्हणजे बहुतेक ढगांच्या माथ्यावरून जातो. त्यात सह्याद्री आडवा आला, तर खालचा झोत तिथेच अडतो. पावसाळ्यात घाटावरचा पाऊस पुष्कळदा बुटक्या ढगांतून पडतो आणि तो झोताखालून निसटतो. तेव्हा रडारचं चित्र बघताना आधी आपलं गाव रडारपासून किती दूर आहे ते पाहा. 200 किलोमीटरपलीकडची कोरी जागा म्हणजे कोरडं आकाश नव्हे.