कॅमेऱ्याची बॅटरी शून्यावर आणू नका, आणि फ्रीजरमध्ये तर मुळीच ठेवू नका

कास पठारावरचा फुलांचा हंगाम तोंडावर आला की साताऱ्यातल्या फोटोग्राफरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बॅटरीचा एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो वाई, कोरेगाव, कऱ्हाडपर्यंत पोचलाय, आणि लग्नाची कामं करणारी जाणती मंडळीही तो न वाचता पुढे ढकलताहेत. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: नवी बॅटरी पहिल्यांदा बारा तास चार्जिंगला लावा. दर वेळी शून्यावर आणूनच पुन्हा चार्ज करा. वापर नसेल तेव्हा फ्रीजरमध्ये ठेवा. स्क्रीन बंद करून व्ह्यूफाइंडरमधूनच फोटो काढा. कासच्या थंडीत बॅटरी निम्मीच चालते हे धरून चला. आणि एवढं करूनही चार्ज टिकत नसेल तर बॅटरी मेली समजून नवी घ्या, तीही कंपनीचीच, कारण डुप्लिकेटने कॅमेरा जळतो.

यातली एक-दोन वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणून बाकीची खपून जातात. मी कॅमेरे दुरुस्त करतो. या सल्ल्याने बाद झालेल्या बॅटऱ्या माझ्या टेबलावर येतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो. मात्र मेसेजच्या क्रमाने नाही. जास्त नुकसान करणारा आधी.

शून्यावर आणण्याचा सल्ला निकेल-कॅडमियम सेलच्या काळातला आहे. जुने व्हिडिओ कॅमेरे त्यावर चालायचे. ते सेल अर्धवट वापरून पुन्हापुन्हा चार्ज केले की त्यांची ताकद कमी पडायची, त्यामुळे अधूनमधून पूर्ण उतरवणं तेव्हा बरोबर होतं. सोनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि आज आपल्या जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यात तीच असते. तिला ही खोड नाही. उलट ती दर वेळी तळाला नेली तर लवकर थकते. अर्ध्यावर आली की लावा चार्जिंगला, काही बिघडत नाही.

आपल्याकडे याचा खरा फटका चातुर्मासात बसतो. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात ती तुळशीचं लग्न लागेपर्यंत. ज्यांचं काम फक्त लग्नाचं, त्यांचा जोडीचा कॅमेरा चार महिने कपाटात असतो. मेसेज वाचून बॅटरी शून्यावर आणलेली, आणि ती कॅमेऱ्यातच. कॅमेरा शून्य दाखवून बंद होतो तेव्हा दर सेलमध्ये साधारण तीन व्होल्ट शिल्लक असतात. पुढे बंद कॅमेराही घड्याळ आणि बटणांच्या सर्किटसाठी किंचित करंट घेत राहतो, बॅटरीतलं संरक्षक सर्किटही घेतं. व्होल्टेज फार खाली गेलं की सेलमधलं तांबं विरघळू लागतं आणि बॅटरी कायमची जाते. मग कार्तिकात पोरं येतात, ‘दादा, चार्जर बिघडलाय, नुसता लाल दिवा लुकलुकतोय.’ चार्जर धडधाकट असतो. इतक्या खोल गेलेल्या बॅटरीत करंट भरायला तो नकार देत असतो, आणि ते योग्यच आहे. पडून राहणार असेल तर बॅटरी निम्म्या चार्जवर आणा, कॅमेऱ्यातून काढा आणि तिची प्लॅस्टिकची टोपी लावून सावलीत ठेवा. दोनेक महिन्यांनी एकदा बघा.

बारा तासांचाही उगम तोच. निकेल-कॅडमियमच्या साध्या चार्जरला चौदा-सोळा तास लागायचे. लिथियमचा चार्जर दर सेल ४.२ व्होल्टपर्यंत नेतो, म्हणजे दोन सेलची बॅटरी ८.४ पर्यंत, आणि थांबतो. दिवा बदलला की काम झालं. त्यापुढे तासन्‌तास लावून ठेवण्यात काही फायदा नाही.

आता सगळ्यात महागात पडणारं वाक्य: चार्ज टिकत नाही म्हणजे बॅटरी मेली. बहुतेकदा बॅटरी ठीक असते, कॅमेऱ्यातलं काहीतरी ती खात असतं. कोण खातंय ते घरच्या घरी शोधता येतं. बॅटरी पूर्ण चार्ज करा, काढून टेबलावर ठेवा, सकाळी घालून बघा. बाहेर असतानाच ती उतरली तर दोष बॅटरीचा. बाहेर जशीच्या तशी राहिली, तर दुसऱ्या रात्री बंद कॅमेऱ्यात ठेवा. आता उतरली तर दोष कॅमेऱ्याकडे. मग एकेक गोष्ट वजा करत जा: पहिल्यांदा कार्ड काढून, मग लेन्स काढून, ग्रिप (कॅमेऱ्याखाली लावायचा जादा बॅटरीचा जोड) असेल तर ती काढून. स्वस्तातली बॅटरी ग्रिप या बाबतीत फार वेळा दोषी सापडते. बिघडत चाललेलं कार्डही कॅमेऱ्याला झोपू देत नाही; कॅमेरा बंद केल्यावरही कार्डाचा दिवा मिणमिणत राहिला तर तिकडे बघा.

हे सगळं करण्याआधी मेनू मात्र उघडा. निकॉनच्या स्नॅपब्रिज (कॅमेरा फोनला जोडणारं अॅप) चालणाऱ्या अनेक मॉडेलमध्ये कॅमेरा बंद असतानाही फोटो फोनवर पाठवत राहण्याची सोय आहे. ती चालू राहिली तर बंद कॅमेऱ्यातलं ब्लूटूथ जागंच असतं. कॅननच्या ५डी मार्क ४ मध्ये जीपीएसला दोन मोड आहेत. पहिल्या मोडमध्ये स्विच ऑफ केला तरी तो ठरावीक वेळाने उपग्रहाचा सिग्नल घेत राहतो, दुसऱ्यात कॅमेऱ्याबरोबर बंद होतो. ज्याला हे माहीत नाही तो बॅटरीवर खापर फोडतो आणि दोन-चार हजार घालवतो.

बॅटरी खरंच म्हातारी झाली का, हे पुष्कळदा कॅमेराच सांगतो. निकॉनच्या वरच्या मॉडेलमध्ये बॅटरी इन्फोमध्ये ० ते ४ असं वय दिसतं, ० म्हणजे नवी आणि ४ म्हणजे बदलायला झाली. कॅननमध्ये रिचार्ज परफॉर्मन्सचे तीन चौकोन असतात. हिरवे असतील तर नवी घेण्याची काही गरज नाही.

व्ह्यूफाइंडरचा सल्ला डीएसएलआरसाठी शंभर टक्के खरा. तिथे आरसा आणि काच असते, त्यातून बघायला वीज लागत नाही. लाइव्ह व्ह्यू लावला, म्हणजे स्क्रीनवर बघून फोटो काढायला लागलं, की सेन्सर आणि स्क्रीन दोन्ही सतत चालतात. पण मेसेजमध्ये हे वाक्य मिररलेसला, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांनाही सरसकट लावलंय, आणि तिथे ते उलटं पडतं. मिररलेसचा व्ह्यूफाइंडर म्हणजे आत बसवलेला बारीक, दाट पिक्सेलचा स्क्रीनच. सोनीच्या ए७ थ्रीचे कंपनीने दिलेले आकडे बघा: एका चार्जमध्ये स्क्रीनवरून ७१० फोटो, व्ह्यूफाइंडरमधून ६१०.

मिररलेसची आणखी एक गंमत वऱ्हाडात कायम दिसते. फोटोग्राफर दोन विधींच्या मधे कॅमेरा गळ्यात लटकवून उभा असतो. व्ह्यूफाइंडरजवळचा डोळ्याचा सेन्सर शर्टाला चिकटतो. कॅमेऱ्याला वाटतं मालक बघतोय, म्हणून आतला स्क्रीन पेटतो. अक्षता पडेपर्यंत बॅटरी निम्म्यावर. बॅगेतही तसंच होतं: स्विच चालूच राहिलेला, आणि कशाने तरी शटर अर्धं दाबलेलं, म्हणजे फोकस आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) चालूच. स्विच बंद करून मगच बॅगेत टाका.

कासच्या थंडीचं म्हणाल, तर जपानी कॅमेरा कंपन्यांची संघटना सीपा, तिच्या ठरलेल्या पद्धतीत बॅटरीची चाचणी २३ अंशांवर होते. सप्टेंबरात पठारावर पारा साधारण विशीच्या आगेमागे असतो. एवढ्याने बॅटरी निम्मी होत नाही. निम्मी होते ती आपल्या काम करण्याने. सीतेच्या आसवांचं नखाएवढं फूल टिपायला माणूस ओल्या कातळावर पालथा पडतो, लाइव्ह व्ह्यू लावतो, दहापट मोठं करून फोकस जुळवतो, वारा थांबायची वाट बघत शटर अर्धं दाबून धरतो, मग काढलेला फोटो मोठा करून पाकळी शार्प आली का ते तपासतो. फोटो एक, स्क्रीन जळतो मिनिटभर. हे टाळता येत नाही, टाळूही नये. फूल तसंच टिपलं पाहिजे. जादा बॅटरी न्या आणि प्रत्येक फोटोनंतर तो आपोआप दाखवण्याची वेळ दोन सेकंदांवर आणा. थंडीचा खरा परिणाम बघायचा तर डिसेंबरात पहाटे महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर हिमकण टिपायला जा. तिथे जादा बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा. गारठून मान टाकलेली बॅटरी अंगाच्या उबेने पुन्हा थोडी चालते, कारण चार्ज संपलेला नसतो, आतली रासायनिक क्रिया मंदावलेली असते.

त्यावरूनच फ्रीजरचं काय ते समजून घ्या. जुने रिचार्जेबल पेन्सिल सेल नुसते पडून महिन्याभरात बराच चार्ज गमवायचे, म्हणून लोक ते गारव्यात ठेवायचे. लिथियम महिन्याला दोन-चार टक्केच गमावते. फ्रीजरमधून काढलेल्या बॅटरीवर बाहेरच्या दमट हवेत दव धरतं, ते पाणी बॅटरीच्या धातूच्या पत्र्यांवर आणि आत जातं. शिवाय शून्याखालच्या थंडीत ती तशीच चार्जिंगला लावली तर आत धातूरूपी लिथियम साचतं, त्याने क्षमता घटते आणि शॉर्टचा धोका वाढतो. बॅटरीचा खरा वैरी ऊन आहे. वैशाखात मंडपाबाहेर बंद गाडीच्या डॅशबोर्डवर भरलेल्या बॅटऱ्या ठेवणं आधी थांबवा.

राहिली डुप्लिकेट. त्याने कॅमेरा जळतोच असं नाही, दुसऱ्या कंपन्यांच्या चांगल्या बॅटऱ्या नीट चालतात. फक्त वर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. कॅननची एलपी-ई६ २००८ साली १८०० एमएएच (क्षमतेचं माप) होती, २०१४ साली त्याच आकारात १८६५ झाली, २०२० साली २१३०. कंपनीला तेवढं वाढवायला बारा वर्षं लागली, तर पाचशे रुपयांच्या बॅटरीवरचे २६०० कुठून आले? अशा बॅटरीत चिप नीट नसेल तर टक्केवारीही चुकते, साठ दाखवता दाखवता एकदम लाल.

धोका आहे तो फुगलेल्या बॅटरीत, मग ती कुणाचीही असो. खाचेत अडकली तर स्क्रूड्रायव्हरने उपसू नका, टोक आत घुसलं तर पेट घेऊ शकते. कॅमेरा बंद करून तसाच दुरुस्तीवाल्याकडे न्या. निघालेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नका, पत्र्यांवर चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या. घंटागाडीत टाकू नका.