साखरेपेक्षा नायट्रोजन बघा

तेल साठवणाऱ्या बुरशींवरचा तुमचा लेख मनापासून आवडला, पण त्यातलं ‘साखर भरपूर दिली की बुरशी तेल साठवते’ हे वाक्य खटकलं. साखर हवीच, पण खरी कळ नायट्रोजन संपण्यात आहे.

एमएस्सीला आम्ही म्यूकर ही तेल साठवणारी बुरशी वाढवायचो. माध्यमातला नायट्रोजन संपला, की सुदान ब्लॅकने (हा रंग तेलाला धरतो) रंगवलेल्या बुरशीच्या तंतूंत तेलाचे गर्द निळे-काळे थेंब दिसू लागायचे, आधी बारीक ठिपके, मग टपोरे. ते बघायला मी रात्री उशिरापर्यंत थांबायचे.

नायट्रोजन संपताच पेशी अमोनियासाठी (त्यात नायट्रोजन असतो) एएमपी हा आपलाच एक छोटा रेणू तोडते. एएमपी घटलं, की मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातलं) आयसोसायट्रेट डीहायड्रोजिनेज हे एन्झाइम मंदावतं, साखरेपासून बनलेलं सायट्रेट तुंबतं आणि मायटोकॉन्ड्रियाबाहेर येतं. तिथे एटीपी-सायट्रेट लायेज हे एन्झाइम त्यापासून असिटिल-कोए बनवतं, आणि हाच फॅटी ॲसिडचा, म्हणजे तेलाच्या मुख्य घटकाचा, कच्चा माल. पाव फुगवणाऱ्या यीस्टकडे हे लायेजच नाही, त्यामुळे त्याला नुसती साखर घालून तेलाचे साठे होत नाहीत.

मॅलिक एन्झाइमचा उल्लेख तर हवाच होता! इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कॉलिन रॅटलेज यांच्या गटाला दिसलं, की म्यूकरमध्ये हे एन्झाइम थंडावलं की तेल साठणंही थांबतं. फॅटी ॲसिड जोडायला लागणारं एनएडीपीएच (हायड्रोजन पुरवणारा रेणू) ते पुरवतं, असा त्यांचा निष्कर्ष. ते एकटंच पुरवतं का, यावर पुढे मतभेद झाले. त्यावर सविस्तर लिहाल का? वाट बघते.