पाचशे वॉटची सोनूबाई

टेबलाखालच्या त्या काळ्या खोक्याला मी नऊ वर्षं 'सीपीयू' म्हणत आलो. त्याला कॅबिनेट म्हणतात, आणि सीपीयू म्हणजे त्याच्या पोटातली काडेपेटीएवढी चकती, हे मला भाच्याने सांगितलं. तोवर आमचा संसार सुखाचा चालला होता. मग भाच्याने स्वतःला नवं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरची चित्रं रंगवणारा भाग) घेतलं आणि जुनं माझ्या हवाली केलं.

"मामा, आता बघ तुझं मशीन कसं उडतंय," तो म्हणाला. 'उडणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत, हे तेव्हा आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

कार्ड म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पत्त्यातलं पान येतं. हे विटेएवढं होतं, वर दोन पंखे. आतल्या लांबट खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये, दाबल्यावर 'टक्' असा छान आवाज आला आणि मला उगाचच इंजिनिअर झाल्यासारखं वाटलं. पण कार्डाच्या कडेला आणखी दोन तोंडं 'आ' वासून होती. एक आठ पिनांचं, एक सहा पिनांचं. भाच्याला फोन लावला.

"स्लॉटमधून त्याला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. सहा पिनवाल्यातून ७५, आठ पिनवाल्यातून १५०."

"म्हणजे ३०० खातं हे?"

"खाऊ शकतं. खातं २२०. तुझा एसएमपीएस कितीचा आहे?"

एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय, भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाटणारी डबी. हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. सप्लायच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ५०० लिहिलेलं आठवत होतं, ते ठोकून दिलं. ५००तून २२० गेले, उरले २८०. चौथीचं गणित. "मग काय, आरामात चालेल," भाचा म्हणाला. त्याचंही चौथीच्या पुढचं गणित कच्चंच असावं.

तारांच्या जंजाळात आठ पिनांची एक तार सापडली. ती बसेना. जोर लावणार, तेवढ्यात फोनमधून किंकाळी आली, "मामा, ती प्रोसेसरची आहे!" दिसायला दोघी सख्ख्या बहिणी, पण आतली वायरिंग उलटी, एकीत पिवळ्या तारा जिथे, तिथे दुसरीत काळ्या. खाचांचे आकार मुद्दाम वेगळे ठेवलेत, ते माझ्यासारख्यांसाठीच. शेवटी सहा अधिक दोन अशी फुटकी आठ पिन सापडली, ती बसली. राहिलेल्या सहा पिनांसाठी कार्डाबरोबर एक जोडतार आली होती. ती जुन्या पांढऱ्या चार पिनवाल्या दोन मोलेक्समध्ये खुपसायची. दोन गरिबांनी मिळून एका श्रीमंताला जामीन राहावं, तसला तो प्रकार.

मशीन सुरू झालं. चित्र दिसलं. दोन दिवस मी पत्रं टाइप केली, हिशोब केले, सिनेमा पाहिला. कार्डाने हूं की चूं केलं नाही. तिसऱ्या दिवशी रात्री भाच्याने दिलेला गेम लावला. त्यात एक ड्रॅगन आहे. (बायको त्याला पाल म्हणते.) तासभर डोंगर चढून मी त्याच्या गुहेशी पोचलो, त्याने मान वर केली, जबडा उघडला, आग ओकणार, आणि ठप्प. निळा पडदा नाही, तक्रार नाही, निरोप नाही. सगळं काळं. मागचं बटण बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत पुढचं बटण ऐकेना.

पुन्हा डोंगर, पुन्हा गुहा, पुन्हा जबडा, पुन्हा ठप्प. चारदा असं झालं.

विंडोज अशा प्रसंगांची रोजनिशी ठेवतं. ती उघडली तर लाल खुणेसमोर लिहिलेलं: 'कर्नल-पॉवर, ४१'. मला आधी वाटलं, कुणी निवृत्त लष्करी अधिकारी असावेत. नोंदीचा मथितार्थ असा की, संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. हे मलाही ठाऊक होतं. मी समोरच बसलो होतो. का बंद झाला, याबद्दल कर्नलसाहेब चकार शब्द काढत नाहीत. लाइट गेले, कुणी प्लग उपटला, सप्लाय बसला, सगळ्याला एकच नोंद, ४१.

आता सल्लागार आले. संगणक बिघडला की माणसं जमतात तशी माणूस बिघडल्यावरही जमत नाहीत. ऑफिसातल्या एकाने विचारलं, "८० टक्केवाला आहे ना? मग तुमचे ५०० म्हणजे खरे ४००च." मी दोन दिवस ते १०० वॉट गमावल्याच्या दुःखात होतो. मग कळलं की हे साफ उलटं आहे. ती टक्केवारी भिंतीतल्या प्लगची. ५००चा सप्लाय ८० टक्के कार्यक्षम असेल, तर पूर्ण भार असताना तो भिंतीतून ६२५ ओढतो आणि आत ५००च देतो. मधले १२५ उष्णता होऊन मागच्या पंख्यातून माझ्या पायांवर येतात. नुकसान विजेच्या बिलात. दुसरा म्हणाला, "कार्डाच्या खोक्यावर ६५०चा सप्लाय लागेल असं छापलंय, म्हणजे ६५०च पाहिजे." कार्ड बनवणारे तो आकडा जरा फुगवूनच छापतात, कारण कुणाच्या टेबलाखाली कसला माल असेल याचा त्यांना अंदाज असतो. माझ्या टेबलाखाली नेमका तोच माल होता, पण ते कळायला अजून अवकाश होता.

तिसऱ्याने सांगितलं, "सप्लाय सुटा करून तपासा." मी तो कॅबिनेटमधून काढला, सगळ्या तारा सोडवल्या, २४ पिनांच्या मोठ्या तोंडातली हिरवी तार आणि शेजारची काळी तार यू-पिनेने जोडली आणि प्लग लावून बटण दाबलं. पंखा फिरला! मी हर्षभराने बायकोला हाक मारली.

"पंखा फिरतोय, म्हणजे काय झालं?" तिने विचारलं.

"म्हणजे जिवंत आहे."

"ते चारदा मेला तेव्हाच कळलं. आधी जिवंत असल्याशिवाय कुणी मरतं का?"

यावर उत्तर नव्हतं. पैलवान अंथरुणात उठून बसला, एवढंच त्या यू-पिनेने सिद्ध झालं होतं. कुस्तीचं काय? आत उघडून बघावं म्हणून मी स्क्रूड्रायव्हर घेतला, तोही तिने काढून घेतला. ते मात्र बरं झालं. प्लग काढल्यावरही त्या डबीतला मोठा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या वर साठवून दबा धरून बसलेला असू शकतो.

पण सप्लाय बाहेर आला होता, म्हणून त्याच्या अंगावरचं लेबल मला पहिल्यांदा दिसलं. नऊ वर्षं ते कॅबिनेटच्या पत्र्याला तोंड लावून बसलं होतं. का, ते आता उमगलं. टॉर्च धरून वाचलं. वर ठसठशीत '५००'. खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत तक्ता. ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्टच्या दोन रेल, म्हणजे वीज वाटायच्या दोन वेगळ्या वाटा. एक १४ अँपिअर, दुसरी १५. मी मनातल्या मनात बेरीज केली, २९ गुणिले १२, ३४८ वॉट. ठीक आहे, ५०० नाही तर ३४८. मग त्याहूनही बारीक अक्षरांत खाली एक ओळ: दोन्ही रेल मिळून जास्तीत जास्त ३०० वॉट. म्हणजे थोरल्याला इतकं देईन, धाकट्याला तितकं देईन, पण दोघांनी एकदम मागू नये.

उरलेल्यातले १७० वॉट ३.३ आणि ५ व्होल्टवर. एके काळी प्रोसेसर तिथूनच वीज घ्यायचा. २००० सालाच्या सुमारास त्याला १२ व्होल्टची चार पिनांची स्वतंत्र तार मिळाली. आता प्रोसेसर आणि कार्ड, घरातले दोन्ही खादाड, १२ व्होल्टच्याच पंगतीला बसतात. ५ व्होल्टचं पान वाढून ठेवलेलं, जेवायला कुणी नाही. मग बेरीज फुगवायला तेच १७० कामाला येतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! त्या क्षणी सप्लायचं बारसं झालं. तेव्हापासून घरात ती सोनूबाई.

कार्ड २२०, प्रोसेसर ऐन वेळी ९०, बाकीचं किडूकमिडूक ५०. एकूण ३६०. सोनूबाईकडे ३००, तेही नवी असतानाचे. नऊ वर्षं गरम हवेत उभं राहून तिच्या कपॅसिटरांची काय अवस्था झाली असेल, ते तिलाच माहीत.

तरी माझं मन मानेना. आकड्यांवर कुणाला दोषी ठरवायचं नाही, पुरावा पाहिजे. सप्लाय पुन्हा जागेवर बसवला आणि शेजाऱ्यांचा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, आणला. रिकाम्या मोलेक्सच्या पिवळ्या तारेत लाल टोक, काळ्या तारेत काळं. नुसता बसल्या जागी आकडा १२.०८. नियमाने ५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४० ते १२.६०. डाव्या हातात दोन्ही टोकं, उजव्या हातात माउस, पोटावर टॉर्च, अशा अवस्थेत मी डोंगर चढलो. आकडा ११.८५. गुहेशी ११.७१. ड्रॅगनने जबडा उघडला, ११.६६, आणि ठप्प. शेवटपर्यंत आकडा नियमात! सोनूबाई सभ्यतेने गेली.

भाच्याने मग खरी गोम सांगितली. कार्ड २२० वॉट खातं ते सरासरीने. मधूनच ते मिलिसेकंदभरासाठी त्याच्या दीडपट-दुप्पट घास घेतं. मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदा डोळे उघडतो. चोर येऊन, चोरी करून, घरी जाऊन झोपल्यावर पोचणारा हवालदार तो. असले घास पचवावेत म्हणून २०२२च्या एटीएक्स ३.० या मानकाने नव्या सप्लायना अटच घातली, की क्षमतेच्या दुपटीचा झटका १०० मायक्रोसेकंद सोसता आला पाहिजे. सोनूबाईच्या काळी असलं काही नव्हतं. ती झटका बसला की डोळे मिटायची. संरक्षणासाठीच मिटायची म्हणा. मिटले नसते तर धूर निघाला असता.

"एक कर," भाचा म्हणाला, "कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आण. तरी बंद पडलं तर रोग दुसरा. नाही पडलं तर तुझी सोनूबाईच."

दहा दिवसांत कुणी दिलेला हा पहिला शहाणा सल्ला होता, आणि तो फुकट होता. पडद्यावरची एक पट्टी माउसने डावीकडे ओढायची, संपलं. २२०चे १५४ झाले, एकूण २९४. सहा वॉटांच्या वरकडीवर मी डोंगर चढलो. जबडा उघडला. आग आली. मशीन चालूच! मी इतका आनंदलो की पळायचं विसरलो आणि जळून खाक झालो. चित्रात काय फरक पडला म्हणाल, तर मला एकही दिसला नाही. इथे थांबलो असतो तर सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. पण ३० टक्के कार्ड उपाशी आहे, ही जाणीव रात्री झोपू देईना.

नवा सप्लाय आला. या वेळी खोक्यावरचा मोठा आकडा मी हाताने झाकला आणि थेट १२ व्होल्टची ओळ वाचली. एकच रेल, ५४ अँपिअर. ६४८ वॉट, आणि खोक्यावर ६५०. इतका प्रामाणिकपणा बघून गहिवरून आलं. कार्डाला दोन वेगवेगळ्या तारा दिल्या. मोलेक्सचे दोन्ही जामीनदार मुक्त झाले.

बायको आणि फोनवर भाचा, दोघांच्या साक्षीने मी पट्टी १००वर नेली आणि डोंगर चढलो. ड्रॅगनने मान वर केली. जबडा उघडला. आग ओकली. मशीन चालू. मी जळालो. पुन्हा चढलो, पुन्हा जळालो. सात वेळा. पंखे शांत फिरत होते, पडद्यावर माझी राख लखलखीत दिसत होती.

"आता बंद पडत नाही वाटतं," बायको म्हणाली.

"मामा, आग आली की डावीकडे उडी मारायची असते," फोनमधून आवाज आला.

मी मुकाट्याने उठलो आणि शेजाऱ्यांचा मल्टिमीटर कुठे ठेवलाय ते शोधायला लागलो.